मूल विचारेल तेव्हा : लहान मुलांना जगाचा इतिहास कोणत्या पुस्तकातून सांगायचा?

आजचं वाचन : अनुवाद ६:२०-२५, स्तोत्र ७८:१-८, प्रेषितांची कृत्ये १७:२२-२८



मंडळीतले तरुण आईबाबा हल्ली एक प्रश्न वरचेवर विचारतात. मूल सहा-सात वर्षांचं झालंय, त्याला घरी जगाचा इतिहास शिकवायचाय आणि तोही ख्रिस्ती दृष्टीनं. मग कोणता अभ्यासक्रम घ्यावा? काही जण मुलांना पूर्णपणे घरीच शिकवतायत. बहुतेकांची मुलं रोज शाळेत जातात आणि आईबाबांना संध्याकाळी किंवा सुट्टीत अर्धा तास हवाय. दोघांच्याही मोबाईलवर तीच चार-पाच अमेरिकन नावं येतात, आणि कोणतं निवडावं तेच कळत नाही.

प्रश्न पुस्तकाचा दिसतो, पण त्याच्याखाली आणखी एक प्रश्न दडलेला आहे. आपल्या गोंदिया जिल्ह्यात काय, पुण्यात काय, ख्रिस्ती घरातल्या मुलाला वर्गात कधी ना कधी कोणीतरी म्हणतंच, "तुमचा देव इंग्रजांचा ना?" मूल घरी येऊन विचारतं, "बाबा, आपण इंग्रजांमुळे ख्रिस्ती झालो का?" त्या दिवशी त्याला काय उत्तर मिळेल, हे आपण आज कोणतं पुस्तक उघडतो यावर बरंच अवलंबून आहे. म्हणून आधी वचनाकडे जाऊ आणि मग पुस्तकांकडे.

वचन काय शिकवतं?

अनुवाद ६ मध्ये मोशे गृहीतच धरतो की मूल विचारणार. या आज्ञा, हे नियम कशासाठी, असा त्याचा प्रश्न असेल. बापानं उत्तर कुठून सुरू करायचं ते लक्ष देऊन वाचा. तो नियमांचा अर्थ समजावत बसत नाही, तो इतिहास सांगतो : आपण मिसरात गुलाम होतो आणि परमेश्वरानं आपल्याला बाहेर काढलं. विश्वासाबद्दलच्या प्रश्नाला घडलेल्या गोष्टीनं उत्तर द्यायचं, ही इस्राएली घरातली रीत होती. घरी इतिहास सांगणं ही नवी फॅशन नाही, हे यावरून लक्षात येतं.

स्तोत्र ७८ एक पाऊल पुढे जातं. पूर्वजांकडून ऐकलेलं पुढच्या पिढीपासून लपवायचं नाही, असं आसाफ ठरवतो. पण तो देवाच्या पराक्रमाबरोबर आणखी काय सांगतो? आपलेच वाडवडील कसे हट्टी आणि बंडखोर निघाले, तेही सांगतो. पुढच्या पिढीनं त्यांच्यासारखं होऊ नये, हे कारणही आठव्या वचनात आहे. म्हणजे आपल्या लोकांच्या चुका गाळलेला इतिहास बायबलच्या मापानं अपुरा ठरतो.

तिसरं वाचन अथेन्सचं आहे. पौल तिथे सांगतो की देवानं एकापासूनच सगळी राष्ट्रं निर्माण केली आणि त्यांचे काळ व सीमा ठरवल्या, यासाठी की त्यांनी त्याला शोधावं. सगळी राष्ट्रं, म्हणजे एखादं खास राष्ट्र आणि बाकीची तळटीपेत, असं नव्हे. शिवाय बोलण्याआधी पौल ते शहर फिरून आलाय. त्यानं त्यांच्या वेद्या पाहिल्यात, त्यांचे कवी त्याला माहीत आहेत. मूर्ती पाहून तो अस्वस्थ झाला होता हे खरं, आणि त्यानं पुनरुत्थानाची सुवार्ता गाळलीही नाही. पण ज्यांच्याशी बोलायचं त्यांना तो आधी ओळखून घेतो.

या तीन वाचनांतून निवडीच्या तीन चाचण्या मिळतात. पुस्तक गोष्ट सांगतं का? स्वतःच्या लोकांच्या चुका सांगतं का? सगळ्या राष्ट्रांना जागा देतं का?

आता पुस्तकं

आमच्या कामात एक नियम असतो : आधी गरज लिहा, मग टूल निवडा. इथेही तोच लावू.

'द स्टोरी ऑफ द वर्ल्ड' हे सुझन वाइज बाउर यांचं चार खंडांचं काम : प्राचीन काळ, मध्ययुग, आधुनिक काळाची सुरुवात आणि आधुनिक काळ. गोष्ट म्हणून मोठ्यानं वाचायला हे फार सोपं आहे. अब्राहामासारख्या बायबलमधल्या व्यक्ती यात येतात, पण ही मालिका चर्चसाठी लिहिलेली नाही, सगळ्याच घरांसाठी आहे. पहिली चाचणी ती सहज पास होते. मात्र बघण्याची जागा इंग्रजी बोलणाऱ्या देशांची आहे. चौथ्या खंडात १८५७ चा प्रसंग 'सिपॉय म्युटिनी' म्हणून येतो. आपल्या मुलाला शाळेत तोच स्वातंत्र्यसमर म्हणून भेटेल. एकाच घटनेला दोन नावं का पडतात, हे तिथेच थांबून बोलायला हवं.

'द मिस्टरी ऑफ हिस्ट्री' हे लिंडा लाकूर होबार यांचं. याचेही चार खंड आहेत आणि पहिला निर्मितीपासून येशूच्या पुनरुत्थानापर्यंत येतो. बायबलमधल्या घटना आणि जगातल्या घटना एकाच काळरेषेवर मांडल्यात, ही त्याची मोठी जमेची बाजू. प्रत्येक धड्याला लहान, मधल्या आणि मोठ्या मुलांसाठी वेगवेगळे उपक्रम आहेत, त्यामुळे घरात दोन वयांची मुलं असली तरी चालतं. निर्मितीचा काळ लेखिका अलीकडचा धरते. तुमच्या मंडळीची शिकवण काय आहे ते पाहून तो भाग वाचा.

'सॉनलाइट' १९९० साली सुरू झालं. एका पाठ्यपुस्तकाऐवजी अनेक कथापुस्तकं घरी मिळून वाचायची, अशी त्याची पद्धत. पुस्तकं छान असतात, पण अख्खा संच मागवायचा म्हणजे खर्च मोठा. 'अबेका' म्हणजे अमेरिकन इयत्तांप्रमाणे चालणारी पाठ्यपुस्तकं. शिस्त आहे, पण तिथे 'आपला देश' म्हणजे अमेरिका. 'अँबलसाइड ऑनलाइन' ही मोफत मिळणारी योजना आहे. शार्लट मेसन (१८४२-१९२३) या इंग्लंडमधल्या ख्रिस्ती शिक्षिकेच्या पद्धतीवर ती चालते : चांगलं पुस्तक थोडंसं वाचायचं आणि मुलानं ते लगेच आपल्या शब्दांत परत सांगायचं.

माझं मत विचाराल तर सहा ते नऊ वर्षांच्या मुलासाठी कणा म्हणून पहिल्या दोनपैकी एक घ्या आणि परत सांगण्याची पद्धत मेसनबाईंची वापरा. पुस्तक इंग्रजी असलं तरी मुलानं परत सांगायचं ते मराठीत. घरी झाडीबोली, हिंदी किंवा गोंडी बोलत असाल तर त्या भाषेत. आजीला सांगता आलं, तरच धडा झाला असं समजा.

तिसऱ्या चाचणीत मात्र ही सगळीच पुस्तकं कमी पडतात. त्यांत आपण बहुतेक वेळा मिशनरी येऊन पोचल्यावरच दिसतो. हे लेखकांनी मुद्दाम केलंय असं नाही. ते आपल्या मुलांसाठी लिहितायत. आपल्या मुलांसाठी आपण लिहायला हवं. पंडित नेहरूंनी १९३० ते १९३३ या काळात तुरुंगातून इंदिरेला पत्रं लिहून जगाचा इतिहास सांगितला आणि तो १९३४ मध्ये पुस्तक म्हणून आला. त्यांची श्रद्धा आपली नव्हती, पण आपल्या अंगणात उभं राहून मुलीला जग दाखवता येतं, हे त्यांनी करून दाखवलं.

आपली पानं : चार वर्षांची जोड

विकत घेतलेल्या पुस्तकाच्या मध्ये घालायला मी 'आपली पानं' सुचवतो. वर्षाला पाच-सहा पुरेत.

पहिलं वर्ष, प्राचीन काळ. अब्राहामाचं कुटुंब ऊर शहरातून निघालं (उत्पत्ती ११:३१). त्याच ऊरच्या राजघराण्याच्या थडग्यांत सिंधू खोऱ्याच्या पद्धतीनं नक्षी काढलेले लालसर कार्नेलियन मणी सापडले आहेत, सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे. दुसरं पान एस्तेर १:१ चं. अहश्वेरोश राजाचे १२७ प्रांत सांगताना तिथे हिंदुस्थानचं नाव येतं. मुलाला ते बायबलमध्ये बोट ठेवून स्वतः शोधू द्या. तिसरं पान अशोकाचं. त्याच्या तेराव्या शिलालेखात अँटिओकस, टॉलेमी अशा ग्रीक राजांची नावं आहेत. पुस्तकातला ग्रीस आणि आपला भारत एकमेकांना ओळखत होते. जमलं तर भंडारा जिल्ह्यातल्या पवनीला एक दिवस जाऊन या. तिथे उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूपांचे अवशेष मिळालेत. शेजारच्या बौद्ध कुटुंबातल्या मुलांनाही सोबत न्या.

दुसरं वर्ष, पहिल्या मंडळीपासून १५०० पर्यंत. इथे प्रेषितांची कृत्ये २:९-११ नकाशावर लावा. पार्थी, मेदी, एलामी, मेसोपोटेमिया, मिसर, अरब. मंडळीच्या पहिल्याच दिवशी आशिया आणि आफ्रिका हजर आहेत. आठव्या अध्यायात इथिओपियाचा अधिकारी बाप्तिस्मा घेतो, तेव्हा पौल अजून युरोपात पोचलेलाही नाही. चौथ्या शतकात आफ्रिकेतल्या अक्सुमचा राजा एझाना ख्रिस्ती झाला. ६३५ मध्ये अलोपेन नावाचा सेवक सुवार्ता घेऊन चीनच्या राजधानीत गेला आणि ७८१ मध्ये उभारलेला त्याची साक्ष देणारा दगड आजही शिआनमध्ये आहे.

आणि आपल्याकडे? पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात पैठण आणि तेरचं नाव आहे, तिथलं कापड भडोचमार्गे रोमच्या बाजारात जायचं. केरळची मंडळी सांगते की प्रेषित थोमा इ. स. ५२ मध्ये तिथे आला. सहाव्या शतकातला प्रवासी कॉस्मस 'कल्लियाना' इथल्या बिशपचा उल्लेख करतो आणि अनेक अभ्यासक ते ठिकाण आपलं कल्याण मानतात. १३२१ मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन बंधू विश्वासासाठी मारले गेले. वास्को द गामा कालिकतला उतरला तो १४९८ मध्ये. तारखा भिंतीवर क्रमानं लावल्या, की "इंग्रजांचा देव" या वाक्याचं काय होतं ते मूल स्वतःच पाहतं.

एक काळजी मात्र घ्या. थोमाची गोष्ट परंपरा आहे आणि शिआनचा दगड हातानं शिवता येतो. मुलाला हा फरक आत्ताच शिकवा. लूकनं शुभवर्तमान लिहिताना सगळा शोध मुळापासून नीट घेतला (लूक १:१-४). आपल्या बाजूची गोष्ट आहे म्हणून ती दामटून सांगायची, ही लूकची रीत नव्हे.

तिसरं वर्ष, १५०० ते १८५०. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडचे. ते १५७९ मध्ये गोव्याला आले आणि १६१६ मध्ये त्यांचं 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं, मराठी ओवीत. याच वर्षी विल्यम कॅरी येतात : १७९३ मध्ये बंगालला आले आणि १८११ मध्ये श्रीरामपूरहून मराठी नवा करार निघाला. त्यामागे वैजनाथ पंडितांचं साहाय्य होतं, ते नाव गाळू नका. अमेरिकन मिशन १८१३ मध्ये मुंबईत आलं आणि पुढे अहमदनगरला गेलं. जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, नगरला मिस सिंथिया फरार यांचं मुलींच्या शिक्षणाचं काम त्यांनी पाहिलं आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू झाली. चौथीत महाराष्ट्रातली मुलं शिवछत्रपतींचा इतिहास शिकतात. तोही याच वर्षाच्या काळरेषेवर लावा, म्हणजे शाळेचा इतिहास वेगळा आणि घरचा वेगळा असं होणार नाही.

चौथं वर्ष, १८५० पासून आजपर्यंत. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आले. शाळा चालवता चालवता त्यांनी इथले दगड, जीवाश्म आणि गोंडी लोकांची गाणी अभ्यासली. १८६३ मध्ये ते नदी ओलांडताना बुडाले, आणि लिंगोच्या गीतासह त्यांची टिपणं १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी प्रसिद्ध केली. आपल्या सालेकसा तालुक्यात कचारगडला माघ पौर्णिमेला गोंडी समाजाची मोठी यात्रा भरते, तिच्या केंद्रस्थानी हाच लिंगो आहे. मिशनरी म्हणजे फक्त बोलणारा, असं मुलाच्या मनात बसायच्या आत हे ऐकणारं उदाहरण त्याला भेटू द्या.

आणि याच वर्षी नारायण वामन टिळक. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला ते नागपूरहून राजनांदगावला रेल्वेनं जात होते. डब्यातल्या एका युरोपीय सहप्रवाशानं त्यांच्याशी गप्पा मारल्या आणि त्यांना नवा करार दिला. १८९५ मध्ये टिळकांचा बाप्तिस्मा झाला आणि पुढे त्यांनी मराठी मंडळीला तिच्या स्वतःच्या चालीत गायला दिलं. नागपूर-राजनांदगाव मार्ग तिरोडा, गोंदिया, आमगाव, सालेकसा असाच जातो. गोंदिया जंक्शनच्या फलाटावर मुलाला उभं करून ही गोष्ट सांगा. जगाच्या इतिहासातलं एक पान आपल्या रुळांवरून गेलंय! त्याच्या शेजारी पंडिता रमाबाईंचं पान ठेवा. त्यांनी बायबलचं मराठी भाषांतर एप्रिल १९२२ मध्ये मृत्यूपूर्वी पुरं केलं. आणि १४ ऑक्टोबर १९५६ चं नागपूरही ठेवा, कारण वर्गातल्या कितीतरी मित्रांच्या घरचा तो मोठा दिवस आहे.

अवघड पानांचं काय?

गोव्यात १५६० ते १८१२, मधली काही वर्षं सोडली तर, इन्क्विझिशन चाललं. ख्रिस्ताच्या नावानं लोकांना छळलं गेलं. धर्मयुद्धं झाली, गुलामांचा व्यापार झाला, आणि त्या व्यापारात बायबल वाचणारी माणसं होती. हे सांगायचं का? स्तोत्र ७८ आपल्याला गप्प बसू देत नाही. सहा वर्षांच्या मुलाला छळाचे तपशील नकोत. "येशूचं नाव घेणाऱ्यांनी येशूच्या विरुद्ध वागून लोकांना दुखवलं, ते पाप होतं," एवढं एक वाक्य पुरे. नऊ-दहा वर्षांचा झाल्यावर तारखांसह सांगा. त्याला हे पहिल्यांदा आपल्या तोंडून कळायला हवं. एखाद्या चिडलेल्या व्हिडिओतून कळलं, तर आईबाबांनी आणखी काय काय लपवलं असेल, हा पुढचा प्रश्न त्याच्या मनात येणारच.

इतर धर्मांचे धडेही असेच. काही पुस्तकं एका ओळीत निकाल लावून पुढे जातात. तिथे थांबा आणि पौलासारखं आधी फिरून या. ते लोक काय मानतात, हे त्या घरातला मित्रही "बरोबर आहे" म्हणेल अशा शब्दांत आपल्या मुलाला सांगता यायला हवं. त्यानंतर आपण येशूवर विश्वास का ठेवतो, ते सांगायचं. सत्य सांगायला दुसऱ्याची गोष्ट मोडून सांगावी लागत नाही.

आठवड्याचा बेत

आठवड्यातून दोन दिवस, वीस-पंचवीस मिनिटं. पहिल्या दिवशी वाचन आणि परत सांगणं. दुसऱ्या दिवशी नकाशा आणि भिंतीवरच्या काळरेषेवर एक चिठ्ठी. तीन रंग ठेवा : बायबल, जग, आपलं पान. महिन्यातून एक शनिवार बाहेर : पवनी, नगरधन, नाहीतर जवळचं जुनं चर्च, नाहीतर आजोबांच्या आठवणी. वर्षाला ३० आठवडे झाले तरी भरपूर. परीक्षा नको. पूर्ण घरी शिकवणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा : राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून, दहावीची परीक्षा १४ वर्षं पूर्ण झाल्यावर देता येते. तोवर इतिहास गुणांसाठी शिकवायची घाई नाही.

बजेट कमी असेल तर एकच खंड दोन-तीन कुटुंबांनी मिळून घ्या आणि आपली पानं वाटून लिहा. एका घरानं टिळक, एका घरानं हिस्लॉप. चार वर्षांत मंडळीच्या हातात एक छोटं मराठी पुस्तक तयार होईल.

मननासाठी

१. माझ्या मुलानं आज विचारलं, "आपण ख्रिस्ती कसे?" तर माझं उत्तर नियमानं सुरू होईल की गोष्टीनं?

२. आमच्या घराण्यात विश्वास कोणाच्या हातून आला? ते नाव मुलांना माहीत आहे का?

३. आपल्या लोकांची कोणती चूक सांगायला मला जड जातं?

आजची कृती : घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला फोन करा आणि दुसरा प्रश्न विचारा. उत्तर एका कागदावर लिहा. ते तुमचं पहिलं पान.

प्रार्थना

हे प्रभू, तू सर्व राष्ट्रांचा आणि सर्व काळांचा धनी आहेस. आमची मुलं विचारतील तेव्हा आम्हांला खरं बोलायचं धैर्य दे. आमच्या वाडवडिलांवरची तुझी कृपा आम्ही लपवू नये आणि त्यांच्या चुकाही झाकू नयेत. आमच्या शेजाऱ्यांची गोष्ट आदरानं ऐकायला शिकव. आमच्या लेकरांना या मातीत, या भाषेत तुझे म्हणून उभं राहू दे. येशूच्या नावात मागतो. आमेन.

उद्याचं वाचन : यहोशवा ४. यार्देनेतून उचललेले बारा दगड, आणि पुन्हा तोच प्रश्न विचारणारी मुलं.